कांद्याची गाडी कोणाच्या हाती द्यायची: चार हंगामांचा अनुभव

पिंपळगाव बसवंतला आमचं कांद्याचं खळं आहे, छोटंच. उन्हाळी कांदा निवडून, प्रतवारी करून आम्ही बेंगळुरूला यशवंतपूरच्या बाजारात पाठवतो. हंगामात आठवड्याला दोन गाड्या, कधी तीन. चार वर्षं हे सगळं काम एकाच ट्रान्सपोर्टकडे आहे. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण पुढे चांगलं आहे तशी तक्रारही आहे आणि माणसं रोजच्या ओळखीतली आहेत. पण लांबच्या बाजाराला माल पाठवणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

सेवेचं आधी सांगते. सांगितलेल्या दिवशी गाडी लागते, हे या धंद्यात सोपं नाही. दहा टायरी गाडीत ३२० गोण्या, म्हणजे १६ टन. भाडं टनावर, निम्मं आगाऊ, उरलेलं माल उतरल्यावर. गाडी कुठे आहे ते मोबाइलवर दिसतं. सिन्नर, संगमनेर, पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग असा हजार किलोमीटरच्या वरचा रस्ता. संध्याकाळी भरलेली गाडी तिसऱ्या दिवशी पहाटे, लिलावाच्या आधी, बाजारात उभी पाहिजे. उशीर झाला तर त्या दिवसाचा भाव गेला.

मागच्या वर्षी हंगामाच्या तोंडावर मालकांचा फोन आला. "ताई, साठीच्या पुढचे सगळे ड्रायव्हर बंद केले. आता तरुण पोरं घेतलीत, गाड्याही नव्या. तुम्हाला त्रास होणार नाही."

खरं सांगते, मला बरं वाटलं. कारण त्याच्या आदल्या हंगामातली एक रात्र मी विसरले नव्हते.

आमचा माल बहुतेक वेळा एक काका न्यायचे. आज ६३ वर्षांचे आहेत, जवळपास चाळीस वर्षं स्टिअरिंगवर. त्या रात्री हुबळी-धारवाड बायपासला, दोनच्या सुमारास, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आले आणि त्यांना रस्ताच दिसेना. गाडी साइडपट्टीवरून खाली उतरली आणि कलली. कोणाला खरचटलंही नाही, पण साठेक गोण्या फाटल्या, दुसरी गाडी मागवून माल हलवण्यात एक अख्खा दिवस गेला. फोन काकांनीच केला. म्हणाले, "ताई, चूक माझी आहे. हल्ली समोरचा उजेड फुटतो."

उजेड फुटतो म्हणजे मोतीबिंदू. दिव्याभोवती किरणं पसरतात, मधला रस्ता दिसत नाही. सहा महिन्यांपासून त्यांना कळत होतं. सांगितलं असतं तर हातची गाडी गेली असती म्हणून बोलले नाहीत. मालवाहू गाडीच्या लायसनच्या नूतनीकरणाला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतंच. ते त्यांच्याकडे होतं. मी विचारलं, अक्षरांची पाटी वाचायला लावली होती का? म्हणाले, नाही, बसवलं आणि शिक्का दिला.

तेव्हा तरुण ड्रायव्हर येणार म्हटल्यावर मी हरकत कशाला घेऊ?

पहिल्या दोन फेऱ्या उत्तम झाल्या. पोरगा २६ वर्षांचा, निफाड तालुक्यातलाच, बोलायला गोड. फास्टॅगमध्ये पैसे किती आहेत ते निघायच्या आधी बघणार. डीईएफ, म्हणजे इंजिनाचा धूर स्वच्छ करणारं द्रव, ज्याला सगळे युरिया म्हणतात, त्याची टाकी भरून घेणार, कारण नव्या गाडीत ते संपलं की इंजिन जोरच धरत नाही. कांद्याला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागत नाही, पण परतीच्या मालाला लागतं आणि त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. गाडी कुठे अडकली तर ती मुदत वाढवून घेणं हे सगळं तो फोनवर बसल्या बसल्या करतो. काकांना यासाठी दर वेळी कोणाला तरी विचारावं लागायचं.

तिसऱ्या फेरीला पाऊस लागला. जुलै होता. पोरानं ताडपत्री अशी आवळून बांधली की मुंगीला जागा नाही, आणि खळ्यापासून यशवंतपूरपर्यंत ती एकदाही सोडली नाही. त्याच्या मते तो मालाची काळजी घेत होता. बाजारात ताडपत्री काढली तेव्हा आतून वाफ आली. मधल्या थरातल्या गोण्या घामेजलेल्या, वरची पत्ती काळी पडलेली, कांदा दाबला की मऊ. आडत्यानं अख्ख्या गाडीचा दर पाडला. चार महिने कांदाचाळीत जपलेला कांदा दीड दिवसात गेला.

मी फोनवर बोलले त्याला, आवाज चढवून बोलले. तो गप्प ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मला कोणी सांगितलंच नाही, ताई."

मला त्यावर उत्तर सुचलं नाही, कारण ते खरं होतं. पूर्वी गाडीवर किन्नर, म्हणजे ड्रायव्हरचा मदतनीस, असायचा. चार-पाच वर्षं तो टायर तपासायचा, दोऱ्या आवळायचा, रात्री ड्रायव्हरला जागं ठेवायचा आणि बघत बघत शिकायचा. मग एखाद्या मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याला स्टिअरिंग द्यायचा. आता भत्ता वाचवायला मालकांनी किन्नर काढून टाकले. कायदा एवढंच सांगतो की मालवाहू गाडी चालवायला वय २० पूर्ण हवं आणि त्याआधी हलक्या गाडीचं लायसन वर्षभर हातात हवं. कांदा श्वास घेतो, त्याला हवा लागते, हे कुठल्या परीक्षेत विचारतात?

माझे वडील ट्रक ड्रायव्हर होते. ३१ वर्षं मुंबई-आग्रा रोडला. त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा होता, खिडकीवर ठेवून ठेवून उन्हानं रापलेला, आणि तो काळेपणा शेवटपर्यंत गेला नाही. गुडघ्यानं क्लच दाबवेना म्हणून ५७ व्या वर्षी त्यांनी गाडी सोडली. त्यानंतर ना पेन्शन, ना फंड. एसटीचा ड्रायव्हर ५८ ला निवृत्त होतो तेव्हा त्याच्या हातात काही तरी पडतं. आमच्या घरी वडिलांनी चावी मालकाच्या टेबलावर ठेवली आणि पायी परत आले, एवढीच निवृत्ती. म्हणून कोणी म्हातारे ड्रायव्हर काढा असं सहज म्हटलं की मला राग येतो, आणि हुबळीची रात्र आठवली की भीतीही वाटते. दोन्ही खरं आहे.

म्हाताऱ्यांनी तरुणांच्या जागा अडवल्यात, हे मालक मला पटवत होते. मी त्यांनाच विचारलं, तुमच्या आवारात किती गाड्या उभ्या आहेत? पाच उभ्या होत्या आणि एकही बिघडलेली नव्हती. ड्रायव्हर नाहीत म्हणून उभ्या. तरुण पोरं रांग लावून बसली असती तर गाड्या धूळ खात राहिल्या असत्या का? गावात ड्रायव्हर म्हटलं की मुलगी द्यायला लोक कां-कूं करतात. महिन्यातले पंचवीस दिवस बाहेर, अंघोळ पेट्रोलपंपावर, झोप केबिनमध्ये. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली; त्यात दिवसाचे ८ तास आणि आठवड्याचे ४८ तास लिहिले होते. लाइनवरच्या कोणालाही विचारा, किती तास झाले. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालवाहू गाड्यांत एसी केबिन सक्तीची झाली. चांगलंच झालं, पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांत इंजिनाची धग पायाशी घेऊनच चालवावं लागतं.

आणि वयाचं म्हणाल, तर कायद्यात मालवाहू गाडीला वरची वयोमर्यादाच नाही. लायसन दर पाच वर्षांनी नवं करायचं. २०१९ च्या दुरुस्तीआधी ही मुदत तीन वर्षं होती. तिशीतल्या पोराला पाच वर्षं ठीक आहेत. साठीच्या माणसाच्या डोळ्यांत पाच वर्षांत काय काय होतं ते आम्ही बघितलं. माझं म्हणणं, साठीनंतर डोळे दर वर्षी तपासा, खरोखर तपासा. जन्मतारीख बघून माणूस काढू नका.

असंघटित कामगारांसाठी २०१९ मध्ये श्रमयोगी मानधन योजना आली, साठीनंतर महिना ३००० रुपयांची. तिच्यात नाव घालायला वय १८ ते ४० लागतं. काका तेव्हा ५७ चे होते. म्हणजे ज्यांची निवृत्ती तोंडावर होती तेच बाहेर राहिले. त्या २६ वर्षांच्या पोराचा अर्ज मात्र मी भरायला लावला.

काकांनी मधल्या काळात धर्मादाय शिबिरात दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. दीड महिना घरी बसले. त्या काळात ट्रान्सपोर्टनं त्यांना एक रुपयाही दिला नाही, उलट नाव कमी केलं. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे.

मग मी मालकांना सांगितलं, माझ्या गाडीवर दोघंही द्या. टनाला १५० रुपये जास्त देते. १६ टनांचे २४०० होतात. एका सडलेल्या गाडीपुढे ते काहीच नाहीत. मालक नाखुशीनं तयार झाले. दिवसा काका चालवणार, अंधार पडला की पोरगा.

त्या पहिल्या फेरीला मी मुद्दाम सोबत गेले, साताऱ्याला बहिणीकडे जायचंच होतं. खंबाटकी घाट लागला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. पोरगा चालवत होता. काकांची झोपायची वेळ, पण ते मागच्या बाकड्यावरून उठून पुढे येऊन बसले. चढ संपून वेळे गावाच्या बाजूचा उतार सुरू झाला आणि पोराचा हात गिअरवर गेला. काका एवढंच म्हणाले, "ज्या गिअरात चढलास, त्याच गिअरात उतर." मग ब्रेकच्या हवेच्या काट्याकडे बोट दाखवलं. ब्रेक सारखा दाबत राहिलास की हवा खर्च होते, ड्रम तापतात, आणि ऐन वळणावर पायाखाली काही उरत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांचं काय होतं ते पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर जाऊन बघ. पोरानं हात काढून घेतला. गाडी इंजिनाच्या जोरावर गुरगुरत, सावकाश खाली आली.

सुरूरजवळ चहाला थांबलो. काका मागे गेले, ताडपत्रीचं एक टोक सोडलं आणि दोन गोण्यांच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला. थोडा वेळ तसेच उभे राहिले, ताप बघावा तसे. मग पोराला म्हणाले, घाल हात. त्यानं घातला. "काय लागतंय?" "कोमट." "कोमट चालेल. गरम लागलं की पाऊस नसताना मागची बाजू सोडायची आणि पुढच्या चहापर्यंत तशीच चालवायची. पाऊस आला की बांधायची. कंटाळा करायचा नाही." मग गाठ कशी मारायची ते दाखवलं, एका झटक्यात सुटणारी. पोरानं ती तीनदा मारून, सोडून बघितली. तेवढ्यात काकांच्या फोनवर मेसेज आला, तो पोरानं त्यांना वाचून दाखवला.

त्या हंगामात त्या जोडीनं आमच्या अकरा गाड्या नेल्या. एकाही गाडीचा दर पडला नाही.

पाचपैकी चार तारे देते. गाडी वेळेवर लागते, माल सुखरूप जातो, हिशेब चोख आहे. एक तारा कापते तो माणसांशी वागण्यासाठी. आजारपणात नाव कमी करणारी सेवा पूर्ण चांगली म्हणता येत नाही. तुम्ही लांब माल पाठवणार असाल तर भाड्याची घासाघीस करण्याआधी दोन गोष्टी विचारा: रात्री कोण चालवणार, आणि त्याला तुमचा माल कोणी शिकवलाय.

काकांचं लायसन पुढच्या वर्षी नूतनीकरणाला येतंय. त्यांनी मला आत्ताच सांगून ठेवलंय, डोळ्यांच्या डॉक्टरनं नको म्हटलं तर मी त्या दिवशी स्टिअरिंग सोडीन. त्यानंतर आवारात गाड्या भरताना उभं राहायचं, नव्या पोरांना ताडपत्री, दोऱ्या, घाट शिकवायचा, असं काम पगारावर द्या म्हणून त्यांनी मालकांना विचारलंय. मालकांनी अजून उत्तर दिलेलं नाही. परवा आमची गाडी भरायची आहे, तेव्हा मीही विचारणार आहे.