टर्बो गाडीचा ईसीयू: रीमॅप, पिगीबॅक की स्टँडअलोन?

जुनी ऑक्टाव्हिया आरएस किंवा पोलो जीटी टीएसआय घेतली की काही महिन्यांत प्रश्न येतोच: आता ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, काय करू? फोंडा, म्हापसा, डिचोलीकडे असं विचारणारे बरेच भेटतात. पर्याय तीन आहेत. कंपनीच्याच ईसीयूतला प्रोग्रॅम बदलायचा, म्हणजे रीमॅप. प्रोग्रॅमला हात न लावता सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये एक डबी बसवायची, म्हणजे पिगीबॅक. नाहीतर कंपनीचा ईसीयू बाजूला ठेवून हॉलटेक, लिंक, मोटेक यांसारखा स्टँडअलोन लावायचा. माझं मत आधीच सांगतो. रोज फिरणाऱ्या गाडीला गोव्यात जपून लिहिलेला कस्टम रीमॅपच घ्यावा, आणि तोही गिअरबॉक्सची ताकद बघून. बाकीचे दोन पर्याय मोजक्याच गाड्यांना लागू पडतात.

पिगीबॅकचं काम समजायला सोपं आहे. ईसीयू बूस्ट सेन्सरकडून टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब (बूस्ट) वाचतो आणि तो ठरल्यापेक्षा कमी दिसला की टर्बोला आणखी हवा दाबायला लावतो. डबी या वाचनातच फेरफार करते. खरा दाब सव्वा बार असला तरी ईसीयूला एक बारच दिसतो, म्हणून तो बूस्ट वाढवत राहतो. पिकअप लगेच जाणवतो. पण इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि गिअरबॉक्सला कळवला जाणारा टॉर्कचा (इंजिनच्या पिळण्याच्या जोराचा) आकडा जुन्याच हिशेबाने चालतात. डीएसजी या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लचवर किती दाब द्यायचा हे त्या आकड्यावरून ठरतं. इंजिन प्रत्यक्षात जास्त ओढत असेल आणि कळवलेला आकडा कमी असेल, तर क्लच घसरायला वाव मिळतो. जेबी४ सारखे चांगले पिगीबॅक कॅन लाइनवरून (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या तारेवरून) माहिती वाचतात, नॉक (इंधन अवेळी पेटून होणारा ठोका) दिसला तर बूस्ट कमी करतात आणि लॉगही (चालत्या इंजिनच्या आकड्यांची नोंद) देतात. ओबीडी (गाडी तपासण्याच्या) सॉकेटमध्ये खोचायच्या स्वस्त ‘पॉवर चिप’चं तसं नाही. दिवे लुकलुकवण्यापलीकडे त्या काही करत नाहीत, त्यांच्यावर पैसे घालवू नका.

गोव्यात आणखी एक अडचण आहे. पिगीबॅकचे जोड बॉनेटखाली असतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि उरलेले महिने खारी हवा. म्हापशाच्या एका मित्राच्या गाडीत बूस्ट मध्येच पडायचा. कनेक्टर उघडला तर तांब्याच्या पिनांवर हिरवट थर चढला होता आणि एक पिन बोट लावताच हलली. पिना साफ केल्या, डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं, हार्नेस (वायरींचा जुडगा) गरम भागापासून दूर बांधला, मग गाडी सरळ चालू लागली. डबी घ्यायचीच असेल तर हे पहिल्याच दिवशी करून घ्या. आणि सर्व्हिसला नेण्याआधी डबी काढली की वॉरंटी शाबूत राहते, असं समजू नका. ठरल्यापेक्षा जास्त बूस्ट झाल्याची नोंद ईसीयूत राहू शकते. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत रीमॅप पकडला गेला की कंपनीच्या नोंदीत ‘टीडी१’चा शिक्का बसतो आणि वॉरंटी नाकारली जाऊ शकते, हेही माहीत असू द्या.

आता रीमॅप. यात बूस्ट, इग्निशन, इंधन, टॉर्कच्या मर्यादा हे सगळं एकाच ठिकाणी बदलतं आणि एकमेकांशी जुळतं, म्हणून मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो. २०१७ची ऑक्टाव्हिया आरएस कंपनीकडून २३० अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन-मीटर घेऊन आली. चांगल्या पेट्रोलवर स्टेज १ फाइलने (म्हणजे ईसीयूत भरायच्या पहिल्या पायरीच्या प्रोग्रॅमने) ती साधारण २८० ते ३०० अश्वशक्तीपर्यंत आणि ४०० न्यूटन-मीटरच्या पुढे जाते, तेही एकही सुटा भाग न बदलता. फरक मोठा आहे आणि त्यामुळेच मोह होतो.

इथे दोन प्रकार नीट वेगळे करायला हवेत. एक तयार फाइल, जी हजारो गाड्यांत तशीच जाते. दुसरी कस्टम, जी तुमच्या गाडीचा लॉग बघून लिहिली जाते. तयार फाइल ज्या ऑक्टेनसाठी (पेट्रोल नॉकला किती दाद देत नाही त्याचा आकडा) लिहिली आहे, तेच पेट्रोल तुम्हाला कायम मिळायला हवं. १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० इंडियन ऑइलने २०२० मध्ये पुणे-मुंबईसारख्या निवडक शहरांत आणलं. त्यावर लिहिलेली फाइल तिथे सुरेख चालेल. पण वाळपई किंवा पेडण्याच्या पंपावर रात्री जे मिळेल तेच भरणार असाल, तर फाइलही त्याच पेट्रोलसाठी लिहायला सांगा. शिवाय आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंप यांना जास्त इंधन पुरवावं लागतं. इथेनॉल नॉकला चांगलं तोंड देतं, ही जमेची बाजू. पण पंप आधीच मर्यादेजवळ असेल तर रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणारा इंधनाचा दाब) कोसळतं, आणि तेव्हा मिश्रण लीन (हवा जास्त, इंधन कमी) होऊन पिस्टनवर बेततं.

म्हणून ट्यूनरला आधी विचारा: आधीचा आणि नंतरचा लॉग द्याल का? नाही म्हणाला तर उठून या. लॉग डायनोवर (रोलरवर गाडी चालवून ताकद मोजायच्या यंत्रावर) घ्यावा, सार्वजनिक रस्त्यावर नको. त्यात मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, इनटेकचं तापमान, रेल प्रेशर, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण) आणि प्रत्येक सिलिंडरचा नॉक रिटार्ड (नॉकमुळे ठिणगी किती अंश मागे आणली ते) हे रकाने हवेतच. एखाद्या सिलिंडरला क्षणभर दोन अंश मागे आलेले चालतात. चारही सिलिंडर प्रत्येक वेळी चार-पाच अंश मागे येत असतील, तर फाइल त्या पेट्रोलला झेपत नाही, मग कागदावर कितीही अश्वशक्ती दिसो. मे महिन्यात पर्वरीच्या कोंडीत अर्धा तास उभ्या राहिलेल्या गाडीचा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) तापलेला असतो. फाइल त्या तापमानात किती मागे सरते, हेही विचारून घ्या.

घाटासाठी वेगळी सूचना द्यावी लागते. केरीहून चोर्ला चढताना वरच्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर पाय दाबला की डायरेक्ट इंजेक्शन (इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) टर्बोत ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, त्याला एलएसपीआय म्हणतात. दोन हजारांच्या खाली टॉर्क फार वाढवू नका, असं ट्यूनरला स्पष्ट सांगा, एपीआय एसपी दर्जाचं ऑइल वापरा आणि चढणीवर गिअर खाली घ्या. खालचा टॉर्क थोडा सोडला तर गाडी मंद होत नाही, तीन हजारांनंतरचा ओढा तसाच राहतो.

गिअरबॉक्सचं बहुतेक जण शेवटी बघतात, मी पहिलं बघतो. १.२ लिटरच्या पोलो जीटी टीएसआयचा ड्राय क्लच (क्लच तेलात नसलेला) डीएसजी गिअरबॉक्स डीक्यू२०० साधारण २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे. त्या गाडीचा मूळ टॉर्क १७५, म्हणून थोडी जागा मिळते. पण व्हर्टस जीटी आणि स्लाव्हियाच्या १.५ टीएसआय डीएसजीत कंपनीनेच २५० दिले आहेत. तिथे टॉर्क वाढवणारा रीमॅप मी सुचवणार नाही, वरच्या आरपीएमचा ओढा थोडा सुधारून थांबावं. ऑक्टाव्हिया आरएसच्या वेट क्लच (क्लच तेलात असलेल्या) डीएसजीला जास्त झेपतं, पण तिथेही गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर इंजिनच्या फाइलबरोबरच बदलून घ्या.

स्टँडअलोनबद्दल थोडक्यात. टर्बो मोठा, इंजेक्टर मोठे, आतले पिस्टन-रॉड बदललेले आणि गाडी ट्रॅकसाठीच असेल, तर तो घ्यावा. हार्डवेअर आणि आयात शुल्क मिळून दोन लाखांपुढे सहज जातात, वायरिंग आणि ट्यूनिंगचे वेगळे. डीएसजी, एबीएस, एसी, मीटर हे सगळे मूळ ईसीयूशी बोलत असतात आणि तो संवाद पुन्हा उभा करावा लागतो. डायरेक्ट इंजेक्शनमुळे काम आणखी अवघड होतं. भारतात अधिकृत विकली गेलेली मित्सुबिशी इव्हो एक्स पोर्ट इंजेक्शनची (इंधन सिलिंडरबाहेरच्या नळीत सोडणारी) आहे, तिथे हे तुलनेने सोपं. पण तिचाही मूळ ईसीयू रीफ्लॅश करून (नवा प्रोग्रॅम भरून) बरंच पुढे जाता येतं.

पैसे कुठे आधी घालायचे, यावर मी आग्रही आहे. नवे प्लग, निरोगी कॉइल, गळती नसलेले बूस्ट पाइप, चांगले टायर आणि ब्रेक पॅड हे आधी. गळका पाइप आणि नवी फाइल एकत्र आले की टर्बो उगाच जास्त वेगाने फिरतो आणि लवकर जातो.

कायद्याची बाजूही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) काढणाऱ्या स्टेजच्या वाटेला जाऊ नका, पीयूसीचा प्रश्न उभा राहतोच. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर मोठ्या अपघातानंतर दावा अडकू शकतो. आणि फ्लॅश करण्याआधी मूळ फाइलची प्रत पेनड्राइव्हवर मागून घ्या, पावतीवर ईसीयूचा सॉफ्टवेअर क्रमांक लिहून घ्या. गाडी विकायची झाली किंवा शोरूमने अपडेट टाकून फाइल पुसली, तर त्या दोन गोष्टींवरच पुढचं काम होतं.