फ्लोराइड इलेक्ट्रोड: वापरानंतरचा अभिप्राय

पाण्यातील फ्लोराइड मोजण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत घेतलेला हा इलेक्ट्रोड मला मनापासून आवडला, आणि त्याचे श्रेय मुख्यतः टोकाशी बसवलेल्या लँथनम फ्लोराइडच्या स्फटिकाला आहे. युरोपियम मिसळलेल्या या स्फटिकातून फ्लोराइड आयनच सरकू शकत असल्यामुळे क्लोराइड किंवा नायट्रेट भरपूर असले तरी वाचन ढळत नाही. फ्लोराइडची संहती (द्रावणातील प्रमाण) दहापट झाली की 25 अंश सेल्सियसला इलेक्ट्रोडचा विभव (मोजलेले व्होल्टेज) सुमारे 59 मिलिव्होल्टने उतरायला हवा. आमच्या प्रमाण द्रावणांत (फ्लोराइड किती ते आधीच ठाऊक असलेल्या द्रावणांत) तो 58 च्या आसपास उतरला, हे उत्तमच म्हणावे लागेल. बफर (सामू, म्हणजे pH, स्थिर ठेवणारे द्रावण) मात्र टाळून चालत नाही: आम्लता वाढली की फ्लोराइड हायड्रोजनशी बांधले जाते, सामू फार चढला की हायड्रॉक्साइड आयन लुडबुड करतात आणि ॲल्युमिनियम तर फ्लोराइडला धरूनच ठेवते, म्हणून सामू 5 ते 5.5 राखणारे आणि ॲल्युमिनियमला अडकवणारे बफर नमुन्यात व प्रमाण द्रावणात सारख्याच प्रमाणात घालावे. अगदी विरल द्रावणांत आकडा स्थिरावायला काही मिनिटे लागतात, तेवढा धीर धरावा. सोबतची माहितीपुस्तिका फारच त्रोटक आहे. स्फटिकाला चिकटलेला हवेचा बुडबुडा वाचन बिघडवतो आणि इलेक्ट्रोड किंचित तिरका धरल्यास तो निघून जातो, एवढी साधी सूचनाही तीत नाही.