गुडघ्याची कूर्चा उडालीय: जुनं ऑपरेशन, नवं ऑपरेशन, का ट्रायल?

पुतण्याच्या गुडघ्यापायी गेले चार महिने आमच्या घरात दुसरा विषय नाही. पोरगं 26 वर्षांचं, पेठेच्या टीमला मिडफिल्डला खेळतंय, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मॅचमध्ये पाय रुतला, वरनं अंग फिरलं आणि एमआरआयमध्ये निघालं की मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरची कूर्चा आतल्या बाजूनं साधारण 3 चौरस सेंटिमीटर उडालीय. लिगामेंट शाबूत आहे, मेनिस्कस पण शाबूत, एवढंच नशीब. मग तीन डॉक्टर झाले आणि तीन मतं झाली. एकजण म्हणाले मायक्रोफ्रॅक्चर करून टाकू, दुसरे म्हणाले त्याच्याच पेशी वाढवून बसवू, तिसऱ्यांनी एका ट्रायलचे, म्हणजे नवा उपचार रुग्णांवर तपासून बघायच्या अभ्यासाचे कागद हातात दिले आणि म्हणाले वाचून या. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो त्यामुळं कागद वाचायची सवय आहे, पण हे वाचताना माझं पण डोकं गरगरलं. त्यातनं जे समजलं ते इथं मांडतोय, कारण तालमीतली, फुटबॉलमधली, भरतीची तयारी करणारी लई पोरं याच प्रश्नावर अडकलेली मला माहीत आहेत.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. आपल्याकडं "गुडघ्याची गादी गेली" असं सरसकट म्हणतात, पण गादी म्हणजे कधी मेनिस्कस असतो तर कधी कूर्चा. मेनिस्कस म्हणजे दोन हाडांच्या मधली चकती. कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरच चिकटलेला गुळगुळीत थर. मटणाच्या दुकानात नळीचं टोक बघा, ते पांढरं, मोत्यासारखं चकाकणारं आणि बोट फिरवलं की घसरतंय, ते. त्या थराला रक्तवाहिनी नाही, दुखणं कळवणारी नस नाही. म्हणून तो फाटला की आपोआप भरून येत नाही आणि सुरवातीला फारसा दुखत पण नाही, पोरं तशीच खेळत राहतात. आणि साठीतल्या आईचा सगळा गुडघा झिजलाय, संधिवात आहे, तर खाली लिहिलेलं बहुतेक काही तिच्यासाठी नाही. हे सगळं एका जागी पडलेल्या खड्ड्याचं आहे, आजूबाजूची कूर्चा चांगली असताना.

मायक्रोफ्रॅक्चर हे जुनं. अमेरिकेतले रिचर्ड स्टेडमन यांनी 1980 च्या दशकात आणलं. दुर्बिणीतनं आत जायचं, खड्डा साफ करायचा आणि तळाच्या हाडाला टोच्यानं 3-4 मिलिमीटरच्या अंतरानं बारीक भोकं पाडायची. त्यातनं मज्जेचं रक्त वर येतं, त्याची गाठ बसते आणि हळूहळू तिथं नवा थर धरतो. एकच ऑपरेशन, खर्च कमी, अवघड सामान नाही, कोल्हापुरात सहज होतंय. पण तो नवा थर मूळच्या कूर्चेसारखा नसतो, व्रण भरून आल्यासारखा चिवट तंतुमय असतो आणि दाब सोसायला कच्चा. लहान खड्ड्याला, म्हणजे 2 चौरस सेंमीच्या आतल्या, बऱ्याच जणांना चांगला गुण येतो. मोठ्या खड्ड्यात पहिली दोन वर्षं बरी जातात आणि मग पुन्हा दुखणं सुरू, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. सहा ते आठ आठवडे कुबड्या, पायावर वजन नाही. हे ज्याला पाळायला जमणार नाही त्यानं यातलं कुठलंच ऑपरेशन करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मोझॅकप्लास्टीबद्दल थोडक्यात सांगतो. हंगेरीतले लास्लो हांगोडी यांनी 1992 पासून रुग्णांवर सुरू केलेली पद्धत. गुडघ्याच्याच कमी वजन येणाऱ्या जागेवरनं हाडासकट कूर्चेचे गोल खुंट काढायचे आणि खड्ड्यात ठोकून बसवायचे, फरशीचे तुकडे जुळवतात तसं. फायदा असा की खरी कूर्चा बसते, ती पण एकाच ऑपरेशनमध्ये आणि मैदानावर परत यायला बाकीच्यांपेक्षा वेळ कमी लागतो. अडचण अशी की एकीकडचं काढून दुसरीकडं लावायचं, त्यामुळं खड्डा मोठा असला की जिथनं काढलं ती जागा दुखायला लागते. 1 ते 2 चौरस सेंमीचा खड्डा आणि खेळाडू माणूस असेल तर हे नक्की विचारा, आमच्या केसला ते बसत नव्हतं.

आता पेशी वाढवण्याचं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला 1987 मध्ये पहिलं झालं आणि 1994 मध्ये 23 रुग्णांचा अहवाल छापून आला. यात दोन ऑपरेशनं असतात. पहिल्यात दुर्बिणीतनं तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढी चांगली कूर्चा काढतात. ती लॅबमध्ये जाते, काही आठवडे पेशी वाढवतात आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये त्या खड्ड्यात बसवतात. सुरवातीला नडगीच्या हाडावरचा पातळ पापुद्रा काढून खड्ड्यावर झाकण म्हणून शिवायचे, आता पेशी कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या पडद्यावर पेरून किंवा जेलमध्ये मिसळून लावतात. अमेरिकेत पडद्याच्या पद्धतीला डिसेंबर 2016 मध्ये परवानगी मिळाली, भारतात पण 2017 पासून अशा उत्पादनाला मान्यता आहे. त्या अमेरिकेतल्या पडद्याचं कोलॅजन डुकराचं असतं, ज्यांना धर्मामुळं किंवा मनाला ते चालत नाही त्यांनी आपल्याकडच्या उत्पादनात काय वापरतात ते आधीच विचारावं. खर्च मायक्रोफ्रॅक्चरच्या कैक पट, आणि पूर्ण जोरात खेळायला वर्ष ते दीड वर्ष.

एवढा खर्च केला तर फरक पडतो का? इथंच मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण दोन ट्रायल एकमेकांच्या उलट बोलतात. नॉर्वेमध्ये 80 रुग्ण घेतले, 40 जणांना मायक्रोफ्रॅक्चर आणि 40 जणांना पेशी. पाच वर्षांनी बघितलं तर दोन्हीकडं प्रत्येकी 9 फेल. पंधरा वर्षांच्या आसपास परत बघितलं तर पेशीवाल्यांत 17 फेल आणि मायक्रोफ्रॅक्चरवाल्यांत 13, म्हणजे नव्याला काही आघाडी नाही. दुसरी ट्रायल युरोपातली, 2014 मध्ये छापलेली, 144 रुग्ण, खड्डा 3 चौरस सेंमी किंवा मोठा, पेशी पडद्यावर लावलेल्या. दोन वर्षांनी दुखणं आणि हालचाल या दोन्हीत ठरवलेल्या मापाइतका फरक पेशीवाल्यांत 87.5 टक्के लोकांना पडला आणि मायक्रोफ्रॅक्चरवाल्यांत 68.1 टक्क्यांना. ऐकायला भारी वाटतंय, आणि आहे पण. पण त्याच ट्रायलमध्ये एमआरआयवर खड्डा किती भरला आणि आतला तुकडा काढून बघितला तर कूर्चा कशी झाली, यात दोन्ही गटांत म्हणावा तसा फरक नव्हता. ट्रायलचा पैसा उत्पादन करणाऱ्या कंपनीचा होता आणि कुणाला काय केलंय हे रुग्णाला माहीत होतं. याचा अर्थ निकाल खोटा असा नाही. नॉर्वेत जुनी, झाकण शिवायची पद्धत होती आणि इथं नवी, इथले खड्डे पण सगळे मोठे. पण नुसता 87 चा आकडा दाखवून कुणी पैसे भरायला लावत असेल तर बाकीचं पण विचारा.

आपलं ऑपरेशन झालंय एवढ्या समजुतीनंच काय होतं त्याचं एक उदाहरण कायम लक्षात ठेवण्यासारखं आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला 180 संधिवाताच्या रुग्णांवर ट्रायल झाली, 2002 मध्ये छापून आली. काहींचा गुडघा दुर्बिणीतनं खरोखर साफ केला, काहींच्या नुसत्या कातडीवर चिरा दिल्या आणि टाके घातले, कुणाला काय केलंय ते रुग्णाला सांगितलं नाही. दोन वर्षं दोन्हीकडचं दुखणं सारखंच! म्हणून "आमच्या पेशंटला बरं वाटलं" हे पुरत नाही, कशाच्या तुलनेत बरं वाटलं हे लागतं.

आणखी एक गोष्ट कुठल्याच अहवालात मला सापडली नाही. गुडघ्याच्या मार्कांची जी प्रश्नावली जगभर वापरतात तिच्यात पळणं, उडी, उकिडवं बसणं, गुडघे टेकणं हे आहे, पण मांडी घालून बसणं नाही. आपल्याकडं पंगतीला, पूजेला, भजनाला माणूस तासभर मांडी घालतो. हे डॉक्टरांना तोंडानं विचारायला लागतंय, "मांडी कधी घालता येईल?" असं सरळ.

यापेक्षा नवीन काय आहे? इस्रायलमधनं निघालेलं एक रोपण आहे, समुद्रातल्या पोवळ्याच्या पदार्थाचं, हाडात खुंटासारखं बसवतात. 251 रुग्णांवर ट्रायल झाली आणि मार्च 2022 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. यात सौम्य ते मध्यम संधिवात असलेले पण घेतले होते, त्यामुळं वयानं थोडे मोठे लोक याच्याकडं आशेनं बघतायत. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला तर नाकाच्या पडद्यातल्या कूर्चेच्या पेशी वाढवून गुडघ्यात बसवल्या, 2016 मध्ये पहिल्या 10 रुग्णांचा अहवाल आला. मला स्वतःला ही कल्पना फार आवडलीय, कारण गुडघ्यातनं काहीच काढायला लागत नाही. पण 10 रुग्णांवर सुरक्षित आहे एवढंच कळतं, जुन्यापेक्षा चांगलं आहे का ते कळत नाही.

आता ट्रायलचं. त्या कागदातली एक ओळ पुतण्यानं तीनदा वाचली: "आपल्याला कोणता उपचार मिळेल हे संगणकाद्वारे ठरवले जाईल." तो म्हणाला, "काका, म्हणजे मी नव्यासाठी जायचं आणि जुनंच पदरात पडायचं?" होय, तसंच. चिठ्ठी टाकल्यासारखं आहे, ना तुम्ही ठरवणार ना डॉक्टर, आणि तसं असल्याशिवाय तुलना खरी होत नाही. यात वाईट काही नाही. तपासण्या नेटानं होतात, फॉलोअपला बोलावून घेतात, इजा झाली तर उपचार आणि भरपाईची 2019 च्या नियमांत तरतूद आहे, मधेच सोडायचा हक्क आहे. सही केलेल्या कागदाची एक प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. 2009 पासून ट्रायलची सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीच्या वेबसाइटवर, नोंद सक्तीची आहे, नंबर मागून घ्या आणि घरी येऊन बघा, फुकट दिसतंय. दोन गट कोणते आणि किती वर्षं बघणार ते तिथंच लिहिलेलं असतं.

नोंदणी का बघायची ते सांगतो. मधल्या काळात एका ठिकाणी आम्ही "स्टेम सेल"साठी, म्हणजे मूळ पेशींच्या उपचारासाठी गेलो होतो. दीड लाख सांगितले, "100 टक्के गॅरंटी, ट्रायलचंच आहे समजा" म्हणाले. नोंदणी नंबर मागितला तर म्हणाले तो प्रोसेसमध्ये आहे. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणं असला स्टेम सेलचा वापर मान्य ट्रायलच्या बाहेर करायचाच नाही. तपासायच्या उपचाराचे पैसे रुग्णाकडनं मागतायत म्हटल्यावर आम्ही उठलो. पुतण्या बाहेर येऊन जिन्यावर बसला, पाय लांब करून, बराच वेळ काही बोलला नाही. पोरगं आशेवर आलं होतं.

मग निवडायचं कसं? आमच्या निर्णयाला वळण लावणारी गोष्ट शेवटी सापडली, ती आधीच कुणीतरी सांगायला हवी होती. अमेरिकेत बोस्टनच्या एका सर्जननी आपल्या 300 हून जास्त रुग्णांचा हिशेब 2009 मध्ये मांडला. ज्यांच्या खड्ड्यात आधी काही केलं नव्हतं त्यांच्यात पेशीचं ऑपरेशन 8 टक्के फेल गेलं, ज्यांचं आधी मायक्रोफ्रॅक्चर वगैरे झालं होतं त्यांच्यात 26 टक्के. टोचलेलं हाड नंतर टणक होतं, त्यामुळं असं होत असावं असं मानतात. इंग्लंडच्या सरकारी संस्थेनं पण 2017 मध्ये पेशीची पद्धत मान्य करताना अट घातली की खड्डा 2 चौरस सेंमीपेक्षा मोठा हवा आणि त्यावर आधी दुरुस्तीचं ऑपरेशन झालेलं नसावं. म्हणजे "आधी स्वस्तातलं करून बघू, नाही जमलं तर मग महागाचं" हा आपला नेहमीचा हिशेब मोठ्या खड्ड्याला उलटा पडतो.

त्यामुळं माझं मत असं. खड्डा 2 च्या आत असेल तर मायक्रोफ्रॅक्चर किंवा खुंट, उगाच पेशींच्या मागं लागून कर्ज काढू नका. 3-4 च्या वर, वय कमी, बाकी गुडघा चांगला आणि पैशाची सोय असेल तर पेशी पहिल्यांदाच. पाय धनुष्यासारखा वाकलाय किंवा लिगामेंट तुटलंय तर आधी किंवा सोबत ते दुरुस्त करायला लागतंय, आणि असल्या रुग्णांना बहुतेक ट्रायलमध्ये घेतलेलंच नसतं, त्यामुळं वरचे आकडे तुमचे नव्हेत. पैशाची सोय नाही आणि खड्डा मोठा आहे, तर नोंदणी असलेली ट्रायल हा चांगला रस्ता आहे, फक्त दुसऱ्या गटाला काय मिळणार ते बघून.

आमच्या ट्रायलमध्ये दुसरा गट मायक्रोफ्रॅक्चरचाच आहे. म्हणून पुतण्यानं वहीच्या कागदावर एक प्रश्न लिहून ठेवलाय, मायक्रोफ्रॅक्चरच्या गटात आलो आणि दोन वर्षांत बिघडलं तर पेशीचं ऑपरेशन ट्रायलतर्फे होणार का, आणि त्याचा खर्च कुणाचा. सोमवारी तो कागद घेऊन जाणार आहोत, उत्तर लेखी मागणार आहोत. हो आलं तर तिथंच सही, नाही आलं तर त्याच्या बाबांनी गावाकडच्या सोसायटीत कर्जाची चौकशी करून ठेवलीय.