टोमॅटो की मिरची? पहिल्यांदाच बियांपासून बाहेर लावणाऱ्यांसाठी

पहिल्यांदाच बी पेरून उघड्यावर काहीतरी वाढवायचंय आणि टोमॅटो लावू की मिरची इथेच गाडी अडलीये, असे बरेच जण असतात. दोन्ही एकाच कुळातली झाडं, वांगं आणि बटाटा पण त्यातलेच, त्यामुळे वाटतं की एक जमलं की दुसरं आपोआप जमेल. तसं होत नाही. मी दोन्ही बरीच वर्षं लावतोय आणि माझं मत असं झालंय की टोमॅटो सुरुवातीला अगदी सोपा आणि नंतर रोज काहीतरी मागणारा, आणि मिरची सुरुवातीला तुमचा संयम बघणार पण एकदा बसली की निवांत. तेव्हा तुमचा धीर कुठल्या टप्प्यावर सुटतो ते आधी स्वतःला विचारा, मग पुढचं वाचा.

बियांपासूनच सुरू करू. टोमॅटोचं बी 21 ते 27 डिग्री तापमानात, ओलसर मातीत अर्धा-एक सेंटीमीटर खोल टाकलं की 5 ते 10 दिवसांत वर येतं, आणि जवळजवळ सगळं एकदमच येतं. मिरचीला ऊब जास्त लागते, 25 ते 30 डिग्री मिळाली तर आठ-दहा दिवसांत, नाहीतर दोन-तीन आठवडे लागणं अगदी नॉर्मल आहे, आणि हॅबानेरोसारख्या जहाल जातींना तर महिनाही लागू शकतो. मातीचं तापमान 15 डिग्रीच्या खाली असेल तर मिरचीचं बी नुसतं पडून राहतं आणि थंड, ओल्या मातीत जास्त दिवस पडलेलं बी सडतं. पहिल्या वर्षी मी मिरचीचा ट्रे बाराव्या दिवशी "बी खराब निघालं" म्हणून वाफ्याच्या कडेला रिकामा केला होता, आणि आठवड्याभराने त्याच मातीच्या ढिगातून सहा रोपं वर आली. तेव्हापासून मिरचीच्या ट्रेवर मी पेरल्याची तारीख लिहितो आणि 25 दिवस होईपर्यंत काही ठरवत नाही.

जुनं बी असेल तर तोही फरक लक्षात घ्या. टोमॅटोचं बी कोरड्या थंड जागी नीट ठेवलेलं असेल तर चार-पाच वर्षं सहज उगवतं, मिरचीचं दोन-तीन वर्षांनी ढेपाळतं. कोणीतरी दिलेली, कधीची ते माहीत नसलेली पुडी असेल तर टोमॅटोवर भरवसा ठेवा.

रोपं वर आली की दोघांचा शत्रू एकच, रोपं कोलमडणं. काल उभं असलेलं रोप सकाळी मातीलगत बारीक होऊन आडवं पडलेलं दिसतं, ही मातीतली बुरशी, आणि तिला ओल आणि कोंदट हवा आवडते. पाणी खालून द्या, म्हणजे ट्रे पाण्यात ठेवून माती ओली झाली की काढून घ्या, वरची माती दोन पाण्यांच्या मधे थोडी सुकू द्या आणि झाकण ठेवलं असेल तर बी उगवल्या उगवल्या काढा. यात मिरचीला धोका जास्त कारण ती ट्रेमध्येच जास्त दिवस काढते, टोमॅटो चार-पाच आठवड्यांत बाहेर जायला तयार होतो, मिरचीला सहा ते आठ लागतात.

आता टोमॅटोची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. नवीन माणसाची रोपं हमखास लांबुडकी होतात, उजेड कमी पडला की ती मान लांब करून उजेडाकडे झुकतात आणि देठ दोऱ्यासारखा होतो. टोमॅटोत ही चूक भरून निघते! पुनर्लागवड करताना खालची पानं काढायची आणि देठ वरच्या पानांपर्यंत मातीत गाडायचा, गाडलेल्या देठाला नवीन मुळं फुटतात आणि झाड उलट जास्त दणकट होतं. मिरचीला हा फायदा जवळजवळ नाहीच, ती ट्रेमध्ये होती त्याच पातळीवर लावायची, खोल गाडली तर देठ सडायची भीती, म्हणून मिरचीला पहिल्या दिवसापासून भरपूर उजेड द्यावाच लागतो. नवशिक्यासाठी टोमॅटो सोपा असं मी म्हणतो त्यामागचं मोठं कारण हे आहे.

बाहेर नेण्याआधी दोघांनाही 7 ते 10 दिवस सवय लावायची, पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग थोडं कोवळं ऊन, मग वाढवत वाढवत दिवसभर. ही पायरी गाळली की पानं पांढरी पडून करपतात, यात दोघांत काही फरक नाही.

जागेवरून मात्र बराच फरक पडतो. टोमॅटोचे दोन प्रकार असतात, झुडपी आणि वेलासारखे वाढत जाणारे, आणि पुडीवर हे लिहिलेलं असतं पण कोणी वाचत नाही. झुडपी टोमॅटो साधारण तीन-चार फुटांवर थांबतो आणि बहुतेक फळं थोड्या दिवसांत एकदम देतो, वेलाचा टोमॅटो सहा-सात फूट जातो, अजूनही जातो, दर आठवड्याला काठीला बांधावा लागतो, बगलेतले फुटवे खुडावे लागतात नाहीतर त्याचं जंगल होतं. (झुडपी टोमॅटोचे फुटवे मात्र खुडू नका, त्यांवरही बरीच फळं येतात, बरंच पीक आपल्याच हाताने जातं.) कुंडीत लावणार असाल तर टोमॅटोला कमीत कमी 15 ते 20 लिटरची कुंडी, मिरची 8-10 लिटरमध्ये आनंदात राहते आणि फळांनी वाकली तर एक छोटी काठी पुरे. ऊन दोघांनाही सहा ते आठ तास थेट हवं, त्यात तडजोड नाही, चार तास ऊन येणाऱ्या जागी पानं भरपूर येतील आणि फळं मोजकीच.

पाण्यावरून टोमॅटो खरा रुसतो. दोन दिवस कोरडं ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी बदाबदा पाणी दिलं की फळं तडकतात, आणि फळाच्या बुडाशी काळा, खोलगट, चामड्यासारखा डाग पडतो. लोक याला रोग समजून फवारण्या करतात, पण ते फळापर्यंत कॅल्शियम न पोचल्याने होतं आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच, ओल कमीजास्त झाल्यामुळे ते पोचत नाही. उपाय म्हणजे नियमित पाणी आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं दोन-तीन इंच आच्छादन. मिरचीला हे अजिबात होत नाही असं नाही, पण बारीक मिरच्यांमध्ये क्वचित दिसतं, आणि एखाद्या दिवशी पाणी चुकलं तर ती पानं लोंबवून उभी राहते आणि संध्याकाळी पाणी मिळालं की सावरते. उलट मिरचीच्या मुळाशी पाणी साचलेलं तिला चालत नाही, निचरा चांगला हवाच. दर आठवड्याला दोन दिवस घर बंद असेल आणि पाणी द्यायला कोणी नसेल तर मी सरळ मिरची सुचवेन.

उन्हाळ्यात दोघांची फुलं गळतात. टोमॅटोत दिवसा 32-35 डिग्रीच्या वर आणि रात्री 24 च्या आसपास किंवा वर तापमान राहिलं की परागकणच नीट काम करत नाहीत, झाड हिरवंगार दिसतं आणि फळ एकही नाही. मिरची थोडी जास्त गरमी सोसते पण तीही फुलं टाकते. थंडीत उलटं, रात्र 15 डिग्रीच्या खाली गेली की मिरची अडते, टोमॅटो 13 पर्यंत तग धरतो. म्हणून बी कधी पेरायचं हे फुलं कुठल्या हवेत येतील ते मोजून ठरवा. आणि दोन्ही झाडांची फुलं स्वतःचं स्वतः फळ धरतात, एकच झाड असलं तरी चालतं, वारा नसेल तर फुलांचा झुपका दुपारच्या आत बोटाने हलकेच टिचकायचा.

किडींचं काय? इथे मिरचीचा कमकुवत मुद्दा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पानं आकसणं, म्हणजे चुरडामुरडा किंवा बोकड्या, तो मिरचीला फार छळतो. फुलकिडे असतील तर पानं वरच्या बाजूला वळतात, कोळी (अगदी बारीक कीड) असेल तर खालच्या बाजूला, आणि पांढरी माशी विषाणू घेऊन आली असेल तर पूर्ण शेंडा गोळा होतो आणि मग ते झाड उपटलेलंच बरं. पहिल्या दोन्हींत पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी तेल वेळेवर मारलं तर झाड सुधारतं. टोमॅटोलाही पांढऱ्या माशीमुळे पर्णगुच्छ (पानं आकसून झुपका होणं) होतो, शिवाय करपा (पानांवर डाग पडून ती वाळतात तो रोग), शिवाय फळ पोखरणारी अळी, यादी मोठी आहे, पण करपा बऱ्यापैकी आपल्या हातात असतो, पानांवर पाणी मारू नका, खालची एक फूट पानं काढून टाका, झाडांमध्ये दोन फूट अंतर ठेवा. तंबाखू हाताळत असाल तर झाडांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवा, तंबाखूचा विषाणू दोन्ही झाडांना लागतो.

फळ हातात कधी येतं? रोप बाहेर लावल्यापासून टोमॅटो 60 ते 80 दिवस, चेरी टोमॅटो सगळ्यात लवकर. हिरवी मिरचीही 60-75 दिवसांत तोडता येते पण लाल व्हायला अजून दोन-चार आठवडे जातात. मिरची जितकी तोडाल तितकी नवीन फुलं धरते, आणि कडाक्याची थंडी नसेल तर तेच झाड छाटून दुसऱ्या वर्षीही चालतं, टोमॅटोचं झाड एका हंगामात थकतं.

माझ्याकडे कोणी आलं तर मी झुडपी चेरी टोमॅटोपासून सुरू करायला सांगतो, कारण पहिल्याच वेळी दहा दिवसांत हिरवं काहीतरी दिसलं की माणूस टिकतो. जागा अगदी एका कुंडीएवढी असेल किंवा पाणी रोज जमणार नसेल तरच पहिल्यापासून मिरची. दोन्ही लावायचं असेल तर मिरची दोन-तीन आठवडे आधी पेरा, म्हणजे बाहेर एकत्र जातील.

आणि पुढच्या वर्षीचं बी घरचं हवं असेल तर पुडीवर एफ वन किंवा हायब्रीड (म्हणजे दोन जातींच्या संकराचं बी) लिहिलंय का ते आत्ताच बघा, त्यातून निघालेली झाडं आईसारखी येत नाहीत. साध्या सरळ जातीच्या टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस पाण्यात आंबवून, धुऊन बी वाळवायचं. मिरचीचं नुसतं पूर्ण पिकल्यावर काढून सावलीत वाळवलं तरी चालतं, फक्त दोन जाती जवळ असतील तर मधमाश्या संकर करतात, तेव्हा एका फांदीला फुलं उमलण्याआधीच जाळीची पिशवी बांधून ठेवा. आणि जहाल मिरचीचं बी काढताना हातमोजे घाला.