प्रॉक्टरिंग ॲप घेताय? आधी हे वाचा (५ पैकी २ स्टार)

ऑनलाइन परीक्षेसाठी आमच्याकडे हे पेपर लिहिणाऱ्या मुलांवर नजर ठेवणारं (म्हणजेच प्रॉक्टरिंग) वेबकॅमवालं ॲप घेतलंय, नाव नाही घेत. दोन स्टार कशाचे ते आधी सांगते. ब्राउझर लॉक मस्त चालतं, दुसरा टॅब उघडतच नाही, ओळखपत्राचं चेकिंग पटकन होतं, आणि कोणीतरी बघतंय म्हटलं की जो फक्त सहज जमतंय म्हणून कॉपी करतो तो गपगुमान पेपर लिहितो. एवढंच.

बाकी फ्लॅगचा, म्हणजे ॲप आपोआप लावतं त्या संशयाच्या खुणांचा, नुसता वैताग. विचार करताना छताकडे बघितलं की फ्लॅग, ओठ हलवत वाचलं की फ्लॅग, मागून कोणी गेलं की फ्लॅग, आणि मग ती सगळी रेकॉर्डिंगं बघायची कोणी तर आपणच. उलट टेबलाखाली मोबाईल धरलेला मुरलेला कॉपीबहाद्दर इतका शांत बसलेला असतो की त्याच्यापुढे हिरवी टिक.

सगळ्यात विनोदी म्हणजे तो रिस्क स्कोअर. सेल्सवाल्यांचं म्हणणं, कोण कॉपी करणार ते यावरून कळतं. अहो कसं कळेल? हार्टशॉर्न आणि मे या संशोधकांनी हजारो मुलांच्या चाचण्या घेऊन १९२८ मध्येच लिहून ठेवलंय की एका ठिकाणी फसवणारं पोर दुसऱ्या ठिकाणी प्रामाणिक वागू शकतं, म्हणजे माणसाइतकाच प्रसंगही बघावा लागतो. पुढे १९९३ मध्ये मॅकेब आणि ट्रेविनो यांनी अमेरिकेतल्या कॉलेजांत सर्व्हे केला, त्यात कॉपीचा सगळ्यात जास्त संबंध कशाशी निघाला तर बाकीची पोरं कॉपी करतायत असं वाटण्याशी. आता हे कुठल्या कॅमेऱ्यात दिसणार? 'सगळेच करतात, मीच का मार्क घालवू' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय... आणि त्याच्या जोडीला 'सर नीट शिकवतच नाहीत', म्हणजे चूक आधीच दुसऱ्याच्या खात्यावर टाकून मोकळे! त्यात दरवर्षी तोच पेपर, सगळ्या असाइनमेंटची डेडलाइन एकाच आठवड्यात, एका परीक्षेवर सगळे मार्क, आणि विषय शिकण्यापेक्षा टक्क्यांचीच चर्चा, मग मोह नाही होणार तर काय. स्कोअरमध्ये यातलं काहीही नाही.

वर एआय डिटेक्टर (लिखाण एआयकडून करून घेतलंय का ते ओळखणारा) एक्स्ट्रा पैशात देतात, तो तर अजिबात घेऊ नका. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने स्वतःचाच डिटेक्टर अचूकता कमी म्हणून २०२३ च्या जुलैमध्ये बंद केला, आणि त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तपासलं तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या निम्म्याहून जास्त निबंधांना असल्या डिटेक्टरांनी एआयचं ठरवलं होतं. बिचाऱ्यांनी स्वतः लिहिलेले निबंध!

सपोर्टवाले उत्तर देतात, पण कॉपीपेस्ट (हो, तेच).

रिन्यूअलला मी फक्त ब्राउझर लॉकचा प्लॅन मागणारे, आणि उरलेल्या पैशात तोंडी परीक्षेसाठी एक जास्तीचा माणूस मिळाला तर तो आधी हवाय. पाच मिनिटं 'हे उत्तर कसं काढलंस ते सांग' म्हटलं की कोणाचं काय ते लगेच कळतं.