ग्रँड कॅनियनची ‘ट्रेल ऑफ टाइम’: एक मीटर, दहा लाख वर्षे

अ‍ॅरिझोनातील ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्यावर, यावापाई भूशास्त्र संग्रहालयापासून ‘ट्रेल ऑफ टाइम’ ही फरसबंद वाट निघते. २०१० मध्ये खुल्या झालेल्या या वाटेच्या मुख्य भागात संग्रहालयाचे टोक म्हणजे आजचा काळ आणि तिथून मागे एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे असे प्रमाण धरले असून, मीटरामीटराला धातूची खूण आणि ठिकठिकाणी त्या त्या वयाचा, दरीतलाच खडक मांडला आहे. उद्यानाच्या प्रवेशशुल्काखेरीज वेगळे तिकीट नाही, आणि खडकांना खुशाल हात लावता येतो.

सुमारे दीड किलोमीटर खोलीची ही दरी कोलोरॅडो नदीने गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत कोरली, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. वाटेवर ते सारे काम पाच-सहा मीटरांत आटोपते. ज्या कड्यावरून आपण चालत असतो तो कैबाब चुनखडक मात्र २७० व्या मीटरला भेटतो. (आपल्या सह्याद्रीचा कातळ साधारण ६६ व्या मीटरला बसेल, म्हणजे इथल्या कड्यावरच्या सर्वांत वरच्या थरापुढेही तो पोरच.) तळाचा काळपट ‘विष्णू शिस्ट’ (उष्णता-दाबाने रूप बदललेला पापुद्र्यांचा खडक) गाठायला पावणेदोन किलोमीटर तंगडतोड करावी लागते. समोरच्या सुळक्यांना विष्णू आणि शिव यांची नावे देणारा क्लेरेन्स डटन हा अमेरिकी भूशास्त्रज्ञ होता, हे कळल्यावर मराठी पाहुण्याला गंमत वाटते.

उणीव आहे ती माणसाच्या बाबतीत. येथील सुमारे १२,००० वर्षांचा मानवी वावर या प्रमाणात जेमतेम सव्वा सेंटिमीटर भरतो. हिशेब चोख आहे, पण १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यानंतर हवासुपाई या येथील मूळ रहिवासी लोकांना दरीतल्या ज्या बागायतीतून घालवण्यात आले, त्या जागेला ‘हवासुपाई गार्डन्स’ हे नाव मिळायला २०२२ उजाडावे लागले, हे त्या सव्वा सेंटिमीटरात कसे मावणार? त्यासाठी पूर्वेकडील तुसायान येथील, ११८५ च्या सुमाराच्या प्यूब्लो (मूळ रहिवाशांच्या दगडी घरांच्या) वस्तीचे अवशेष वेगळा वेळ काढून पाहावेत.

आमच्या सहलीच्या बसने येथे पाऊण तास दिला होता. तो संग्रहालयाच्या खिडक्यांपाशीच संपला, म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतंत्रपणे परत यावे लागले. कडा समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरांवर असल्याने दम लवकर लागतो, तेव्हा सकाळीच निघावे. शक्य असल्यास ‘ग्रँड कॅनियन व्हिलेज’ या कड्यावरच्या गावाकडच्या टोकापासून सुरुवात करावी, म्हणजे काळ उलटा न चालता सुलटा चालतो आणि शेवटी त्याच खिडक्यांतून दरी पाहताना कोणता थर कोणता, हे ओळखता येते.