एश्टरनाखची नाचती मिरवणूक आणि संत विलिब्रॉर्डची समाधी : बाळ, प्रॅम आणि आईबाबांसकट जाऊन आल्यावरचा रिव्ह्यू

आधी थोडं सांगते म्हणजे कळेल आम्ही तिकडे का गेलो. माझ्या बाळंतपणासाठी आईबाबा लक्झेंबर्गला आलेले, आणि बाबा दरवर्षी देहूहून वारीला जाणारे. १८ जून २०२५ ला पालखी निघणार आणि आपण इथे, म्हणून ते जून लागल्यापासून गप्प गप्पच होते. मोबाईलवर दिंडीचे जुने व्हिडिओ बघत बसायचे. मग माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं की १० तारखेच्या मंगळवारी एश्टरनाख या इथल्याच छोट्या गावाला जा, तिथे लोक नाचत नाचत संताच्या समाधीला जातात. मी त्याआधी दोनदा एश्टरनाखला गेलेली पण ट्रेकिंगला, तिथलं मोठं चर्च म्हणजे बॅसिलिका बाहेरूनच बघितलेली. नाचत जातात हे मला माहीतच नव्हतं!

जायचं कसं तर एकदम सोपं. लक्झेंबर्ग शहरातून थेट बस आहे, साधारण तासभर लागतो, आणि या देशात २०२० पासून बस-ट्रेन-ट्राम सगळं फुकट आहे त्यामुळे तिकिटाची भानगड नाही, प्रॅम घेऊन चढलो आणि बसलो. फक्त मिरवणुकीच्या दिवशी सकाळी लवकर निघा. आम्ही नऊच्या आत पोचलो तरी मठाच्या अंगणाजवळची चांगली जागा गेलेली होती, मग गल्लीच्या वळणावर एका दुकानाच्या पायरीशी उभे राहिलो. उलट ते बरंच झालं, कारण वळणावर रांगा हळू होतात आणि पाय नीट दिसतात.

आता मिरवणूक. ही दरवर्षी पेंटेकॉस्टनंतरच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा ख्रिस्ती सण) मंगळवारी असते, म्हणजे ईस्टर कधी आहे त्यावर तारीख बदलते. पुढे गाणारे लोक संत विलिब्रॉर्डची लितानी, म्हणजे नामावळीसारखी प्रार्थना, म्हणत येतात आणि त्यांच्या मागून नाचणारे. युनेस्कोने २०१० साली ही मिरवणूक आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, त्यात साधारण ८००० नाचणारे आणि ४५ गट असं लिहिलंय. पांढरा शर्ट, खाली गडद पँट किंवा स्कर्ट, एका ओळीत चार-पाच जण, आणि दोघांच्या मध्ये एक पांढरा रुमाल, त्याचं एक टोक याच्या हातात, एक त्याच्या. बँड एकच चाल वाजवतो, तीच तीच, शेवटपर्यंत, आणि त्यावर सगळे एकदा डावीकडे झुकून उडी एकदा उजवीकडे, असं करत पुढे सरकतात. कोणी हसून फोटोला पोझ देत नाही, बहुतेकांचे ओठ मिटलेले, नजर समोरच्याच्या पाठीवर.

आमच्या समोरून एक ओळ गेली त्यात कडेला ऐंशीच्या पुढच्या एक आजी होत्या. त्यांना उडी जमत नव्हती, त्या नुसत्या टाच उचलत होत्या, एकदा ही एकदा ती, पण ठेका एकदाही चुकला नाही. शेजारचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा त्यांच्या उंचीला हात ठेवायचा म्हणून कोपर वाकवून चाललेला आणि रुमालाचं टोक त्याने मुठीभोवती गुंडाळून घेतलेलं, निसटू नये म्हणून. बाबा एवढंच म्हणाले, "अगं, ही पावली आहे." आणि मग पुढचे दोन तास ते काही बोललेच नाहीत.

पूर्वी म्हणे तीन पावलं पुढे आणि दोन मागे अशी पद्धत होती, दुसऱ्या महायुद्धानंतर ही आताची डावी-उजवी आली. १५ व्या शतकातल्या कागदपत्रांतसुद्धा ही मिरवणूक जुनी प्रथा म्हणून येते. अपस्मार आणि अंग थरथरण्याच्या आजारांसाठी लोक या संताला नवस बोलायचे, स्वतःसाठी नाहीतर घरातल्या आजारी माणसासाठी नाचायचे. १७७७ साली शेजारच्या जर्मनीतल्या ट्रिअरच्या आर्चबिशपनेच (मोठा धर्मगुरू) नाच आणि वाद्यं बंद केली, मग तेव्हा इथे राज्य असलेला ऑस्ट्रियाचा सम्राट जोसेफ दुसरा याने मिरवणूकच बंद केली, नंतर नाझींनी पण बंद केली. आणि लोक परत परत रुमाल घेऊन आलेच.

समाधी बॅसिलिकेच्या तळघरात आहे, त्या तळघराला क्रिप्ट म्हणतात. वरची बॅसिलिका तशी नवी, कारण डिसेंबर १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने ती उडवली आणि १९५३ पर्यंत परत बांधून काढली, पण खालचं क्रिप्ट बाराशे वर्षांपूर्वीचं, ते वाचलं. पायऱ्या आहेत हं, प्रॅम जात नाही, आम्ही आळीपाळीने उतरलो. आत कमानी एवढ्या बुटक्या की बाबांनी सवयीने डोकं वाकवलं, आपण गाभाऱ्यात शिरताना वाकवतो तसं. पांढऱ्या संगमरवराच्या नक्षीकामाच्या आत एक साधी दगडी शवपेटी आहे, बाहेर एवढी कलाकुसर आणि आत नुसता खडबडीत दगड. त्या दगडापाशी मी जास्त वेळ उभी राहिले. मिरवणूक याच क्रिप्टमधून समाधीजवळून जाते, त्यामुळे त्या दिवशी खाली गर्दी आणि घामाचा वास असतो, शांतपणे बघायचं असेल तर दुसऱ्या दिवशी या, पण मी म्हणेन की त्याच दिवशी या.

संत विलिब्रॉर्ड कोण हे माहीत करून गेलात तर फरक पडतो म्हणून थोडक्यात लिहिते. जन्म ६५८ च्या सुमारास इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्ब्रियात. वडील विल्गिल्स नंतर सगळं सोडून हंबर नदीच्या मुखाशी एकटे साधना करत राहिले. हा लहानपणीच रिपनच्या मठात, विसाव्या वर्षी आयर्लंडला, तिथे बारा वर्षं शिकला, आणि ६९० साली अकरा सोबती घेऊन समुद्र ओलांडून फ्रिजियन लोकांत आला, म्हणजे आजच्या हॉलंडच्या किनाऱ्याला. ६९५ ला रोममध्ये पोप सर्जियसने त्याला आर्चबिशप केलं आणि क्लेमेंट नाव दिलं, मग हॉलंडमधलं उट्रेख्त हे त्याचं ठाणं झालं. एश्टरनाखची जागा ६९८ साली ट्रिअरच्या मठाच्या प्रमुख इर्मिना यांनी दिली. त्याच्या पाठीशी असलेला फ्रँक लोकांचा राज्यकर्ता पेपिन ७१४ ला वारला तेव्हा फ्रिजियन राजा राडबोडने चर्चं जाळली, सगळं काम मातीत. राडबोड वारल्यावर ७१९ नंतर हा साठीत परत गेला आणि पहिल्यापासून सुरू केलं, सोबतीला तेव्हा काही वर्षं बोनिफेस होता जो पुढे स्वतः मोठा संत झाला. ७ नोव्हेंबर ७३९ ला एश्टरनाखलाच देह ठेवला, वय ८१, आणि तीच तारीख त्याचा सण.

त्याचं चरित्र आल्क्विन नावाच्या आठव्या शतकातल्या विद्वानाने लिहिलं, तो त्याच्याच नात्यातला. त्यात एक प्रसंग आहे की हॉलंडच्या किनाऱ्यावरच्या वाल्खरेन बेटावर याने तिथली मूर्ती फोडली आणि तिची राखण करणाऱ्याने याच्या डोक्यावर तलवार घातली, हा वाचला, सोबती त्या माणसाला मारायला धावले तर यानेच त्यांना अडवलं. मूर्ती फोडल्याचं मला आवडत नाही, ते मी घरी पण बोलले. पण दुसऱ्यांच्या हातून त्या माणसाला सोडवणं हे पण त्याच गोष्टीत आहे, दोन्ही धरूनच हा माणूस समजतो.

मला मात्र सगळ्यात भिडलं ते त्याचं कॅलेंडर. त्याची स्वतःची सणावारांची वही आजही आहे, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, आणि तिच्या समासात ७२८ साली त्याने लिहिलंय की क्लेमेंट ६९० मध्ये समुद्र ओलांडून आला, ६९५ मध्ये लायक नसतानाही त्याला बिशप केलं गेलं, आणि आता ७२८ चालू आहे. बस, एवढंच. सत्तरीतला माणूस वहीच्या कडेला हिशोब मांडतो तसा. चमत्काराच्या गोष्टींपेक्षा मला त्या दोन-तीन ओळींमुळे हा खरा माणूस वाटायला लागला.

शेजारच्या मठाच्या इमारतीतलं म्युझियम आम्ही दोन आठवड्यांनी बघितलं. इथल्या मठात हस्तलिखितं बनायची, त्यातलं ११ व्या शतकातलं सोनेरी अक्षरांचं, बायबलमधल्या चार शुभवर्तमानांचं हस्तलिखित आता न्युरेंबर्गला आहे, इथे त्याची प्रतिकृती. छोटं म्युझियम आहे, तासाभरात होतं, पण गर्दी नाही आणि अक्षरं जवळून बघता येतात. लहान मुलं कंटाळतील.

खाण्यापिण्याचं म्हणाल तर त्या दिवशी डबा न्या. चौकाजवळच्या एका कॅफेत बाळाच्या बाटलीसाठी गरम पाणी मागितलं तर अर्धा तास थांबवून नाही म्हणाले, मला रडू आलं खरं सांगते. शेवटी एका स्टॉलवरच्या बाईंनी त्यांच्या थर्मासमधलं दिलं आणि पैसे घेतले नाहीत. आईने त्यांना आमच्या डब्यातली भाकरवडी दिली.

मार्क्स द्यायचे तर मिरवणूक आणि क्रिप्टला पाचपैकी पाच, म्युझियमला साडेतीन, खाण्याच्या सोयीला दोन.

परतीच्या बसची वाट बघत होतो तेव्हा बाबांनी खिशातला रुमाल काढला, एक टोक आईच्या हातात दिलं, आणि स्टॉपच्या शेडखाली दोघं डावीकडे एक, उजवीकडे एक, असं करत राहिले बस येईपर्यंत. आई लाजत होती पण टोक सोडलं नाही तिने. १८ तारखेला देहूहून पालखी निघाली तेव्हा बाबांनी इकडे हॉलमध्ये लाईव्ह लावलं होतं आणि बाळाला खांद्यावर घेऊन तेच पाय टाकत होते.